अमेरिकेतील महाविद्यालयाची निवड आणि वकिलीची वाट

गेल्या वर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात माझे एक शेजारी आपल्या मुलीला घेऊन सायंकाळी घरी आले. मुलगी बारावीची परीक्षा नुकतीच देऊन मोकळी झाली होती. अमेरिकेतील दोन संस्थांनी तिला प्रवेश देऊ केला होता आणि १ मेपर्यंत एकीला होकार कळवावयाचा होता. एक मोठे राज्य विद्यापीठ. दुसरे आमच्यापैकी कोणी नावही न ऐकलेले, दोन हजार विद्यार्थ्यांचे लहानसे महाविद्यालय. मुलीला वकील व्हायचे होते आणि तिचे मन ठरलेले होते. ती म्हणाली, "काका, विद्यापीठाच्या आवारातच लॉ कॉलेज आहे. लहान कॉलेजात कायदा शिकवतच नाहीत. मग विचार कसला करायचा?" वडील काही बोलले नाहीत. राहते घर गहाण टाकून कर्ज काढण्याची त्यांची तयारी आहे, एवढे मला ठाऊक होते.

मुलीचा हा समज चुकीचा होता. पण तो पुष्कळ सुशिक्षित घरांतून आढळतो, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने बोलावेसे वाटते.

आपल्याकडे बारावीनंतर पाच वर्षांनी किंवा पदवीनंतर तीन वर्षांनी कायद्याची पदवी मिळते. अमेरिकेत यांपैकी पहिली वाट नाही. तेथे आधी चार वर्षांची, कोणत्याही विषयातील पदवी आणि मग तीन वर्षांचे कायद्याचे शिक्षण. त्या पदवीस 'जे. डी.' म्हणतात आणि ती देणाऱ्या संस्थेस लॉ स्कूल. एकाच आवारात दोन्ही असली तरी सामान्यतः लॉ स्कूलसाठी नव्याने अर्ज करावा लागतो, आणि तेथे आपल्याच विद्यापीठाचा विद्यार्थी म्हणून कोणी हात धरून आत नेत नाही. प्रिन्स्टनसारख्या नामांकित विद्यापीठात लॉ स्कूलच नाही, अॅमहर्स्टमध्येही नाही. तेथील पदवीधरांचे त्यावाचून काही अडलेले नाही.

विषयाचेही तसेच. कायद्यापूर्वी अमुकच विषय घ्यावा, असा नियम नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश सोनिया सोटोमायर यांनी प्रिन्स्टनमध्ये इतिहास घेतला आणि १९७६ मध्ये पदवी मिळवून मग त्या येलच्या लॉ स्कूलमध्ये गेल्या. त्यांच्या घरची भाषा स्पॅनिश. वडील त्या नऊ वर्षांच्या असतानाच वारले. प्रिन्स्टनमध्ये पहिल्याच निबंधाला कमी श्रेणी मिळाली, तेव्हा आपले इंग्रजी लेखन कच्चे आहे हे त्यांनी ओळखले आणि ते सुधारण्यासाठी पुढे नेटाने मेहनत केली. मराठी घरातून जाणाऱ्या मुलामुलींनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे. वकिलीचे हत्यार म्हणजे लेखन. आणि ते ज्या ठिकाणी तपासले जाते, खोडले जाते, पुन्हा लिहवून घेतले जाते, ते ठिकाण भावी वकिलाला चांगले.

लॉ स्कूल मुख्यतः पाहते दोन गोष्टी: चार वर्षांच्या श्रेणींची सरासरी, आणि बहुतेक ठिकाणी 'एलसॅट' ही परीक्षा, जिचे गुण १२० ते १८० यांच्या दरम्यान असतात. सरासरीत पहिल्या सत्रापासूनची प्रत्येक श्रेणी धरली जाते. शेवटच्या वर्षी कंबर कसून भरपाई करू, हा आपला जुना हिशेब तेथे चालत नाही. परक्या देशातले पहिले सहा महिने, घरची आठवण, नवे इंग्रजी, थंडी, हे सारे त्या सरासरीत उतरते. शिवाय प्राध्यापकांची शिफारसपत्रे लागतात. मोठ्या विद्यापीठात प्रारंभीच्या वर्गात शेकडो विद्यार्थी बसतात, आणि निबंध तपासणारा बहुधा स्वतःच उच्च पदवीसाठी शिकणारा तरुण साहाय्यक असतो. लहान महाविद्यालयात वर्ग पंधरा-वीसांचा, आणि प्राध्यापक नावाने ओळखणारा. मोठ्या ठिकाणी चांगले शिक्षक नसतात असे नव्हे. त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी धिटाई लागते, आणि सतरा-अठराव्या वर्षी ती सगळ्यांपाशी नसते.

आता पैशाविषयी. नामांकित खासगी महाविद्यालयांचा वर्षाचा एकूण खर्च आज ८०,००० डॉलरांच्या वर गेला आहे. लॉ स्कूलही स्वस्त नाही. अमेरिकी सरकारचे विद्यार्थी-कर्ज परदेशीयांना मिळत नाही, आणि राज्य विद्यापीठाची कमी फी ही त्या राज्याच्या रहिवाशांसाठी असते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, अॅमहर्स्ट अशा मोजक्या संस्था परदेशी विद्यार्थ्याची निवड करताना त्याची ऐपत पाहत नाहीत आणि निवडल्यावर गरजेइतके साह्य देतात. इतर पुष्कळ ठिकाणी साह्य मागितल्याने प्रवेशाची शक्यता घटते. आणि भीतीपोटी पहिल्या अर्जात न मागितल्यास नंतर बहुधा मागताही येत नाही. या पेचात संकोची घरे नेमकी सापडतात.

पदवीनंतर विद्यार्थी-व्हिसावर सामान्यतः एक वर्ष काम करता येते. विज्ञान-अभियांत्रिकीच्या पदवीधरांना जी दोन वर्षांची वाढ मिळते ती कायद्याला नाही. वकिलीची सनदही प्रत्येक राज्याची निराळी. परत येऊन येथे वकिली करावयाची, तर आपल्या बार कौन्सिलने ती परदेशी पदवी मान्य केलेली असावी लागते आणि पात्रता परीक्षाही द्यावी लागते.

येथे डॉक्टर आंबेडकरांचे नाव हमखास निघते. बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन ते १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, पण तेथे त्यांनी मुख्यतः अर्थशास्त्राचा आणि त्याच्या जोडीने समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान यांचा अभ्यास केला. बॅरिस्टर ते लंडनच्या ग्रेज इनमधून, १९२२ मध्ये झाले. अमेरिकेने त्यांना कायदा शिकवला नाही. पण तेथील व्यापक अभ्यास त्यांच्या पुढील सर्व कार्यात दिसतो.

ज्यांना भारतातच वकिली करावयाची आहे त्यांनी येथे कायदा शिकून, हवे असल्यास वर्षभराच्या 'एलएल. एम.'साठी जावे, हे माझे मत मी त्या संध्याकाळीही लपवले नाही. सात वर्षांच्या जागी एक वर्षाचा खर्च. मुलीला ते रुचले नाही. तिला तेथेच काम करावयाचे होते, आणि तो तिचा अधिकार होता.

मग आम्ही दोन कोरे कागद घेतले. एकेका संस्थेचा चार वर्षांचा खर्च, मिळणारे साह्य, आणि त्याखाली पुढील तीन वर्षे. लहान महाविद्यालयाने अर्ध्याहून अधिक साह्य देऊ केले होते; विद्यापीठाने काहीच नाही. बेरीज झाल्यावर वडिलांनी प्रथमच तोंड उघडले. साह्य चारही वर्षे टिकणार की पहिल्याच वर्षापुरते, हे पत्रात कोठे लिहिले आहे, असे त्यांनी विचारले. पत्रात ते नव्हते. मुलीने तेथेच बसून महाविद्यालयाला विचारणा लिहिली, आणि तिच्या शेवटी, कोणी न सांगता, आणखी एक प्रश्न घातला: पहिल्या वर्षी लेखनाच्या वर्गात विद्यार्थी किती असतात?