वॉलब्रुकच्या चर्चमधला काळा फोन

लंडनच्या जुन्या शहरात, बँक ऑफ इंग्लंडच्या अगदी जवळ, सेंट स्टीफन वॉलब्रुक नावाचं चर्च आहे. 1666 च्या आगीत इथलं जुनं चर्च जळालं आणि ख्रिस्तोफर रेन या वास्तुकाराने नवं बांधलं. त्याचा घुमट पाहायला जगभरातून लोक येतात. मला मात्र थक्क करते ती तिथे काचेच्या पेटीत ठेवलेली एक वस्तू: बेकेलाइटचा काळा टेलिफोन. संतांचे अवशेष जपून ठेवण्याची चर्चची रीत फार जुनी. इथे तो मान एका फोनला मिळाला आहे, आणि तो मान त्याने कमावलेला आहे.

ही गोष्ट सुरू होते 1935 मध्ये, लिंकन शहरात. चॅड व्हारा नावाच्या तरुण पाळकाच्या वाट्याला पहिलाच दफनविधी आला तो चौदा वर्षांच्या एका मुलीचा. तिला पाळी सुरू झाली होती. तो काहीतरी भयंकर आजार आहे असं समजून तिने जीव दिला होता. विचारायला तिला कोणी नव्हतं, एवढंच तिच्या मृत्यूचं कारण. ती मुलगी व्हारा जन्मभर विसरले नाहीत. पुढे ते तरुणांशी शरीराबद्दल, लग्नाबद्दल मोकळेपणाने बोलू लागले, त्यावर लिहू लागले. मग पत्रं यायला लागली. त्यांतली काही अशा माणसांची होती, ज्यांना जगणं नकोसं झालं होतं.

1953 मध्ये ते वॉलब्रुकचे पाळक झाले. हा भाग कचेऱ्यांचा. दिवसा गजबज, रात्री शुकशुकाट. राहणारी माणसं मोजकीच, त्यामुळे पाळकाच्या हाताशी वेळ होता. त्या काळी लंडनमध्ये दिवसाला सरासरी तीन जण आत्महत्या करत, असं ते सांगत. आत्महत्येचा प्रयत्न इंग्लंडमध्ये 1961 पर्यंत गुन्हा होता. मनात तसे विचार येणाऱ्याने जायचं कुणाकडे? आग लागली किंवा चोर शिरला तर 999 फिरवता येत होता; मन बुडत असेल तर फिरवायला एकही आकडा नव्हता. व्हारांनी ठरवलं, तो आपण द्यायचा. सहज लक्षात राहील असा क्रमांक त्यांना हवा होता, म्हणून मॅन्शन हाउस एक्स्चेंजचा ‘मॅन 9000’ मागायचं त्यांनी योजलं. चौकशीसाठी चर्चमधला फोन उचलला आणि त्यावरची धूळ पुसली, तर त्याचाच क्रमांक मॅन 9000 निघाला, असं ते स्वतः सांगत. पहिला फोन आला 2 नोव्हेंबर 1953 रोजी.

इथून पुढचा भाग मला सगळ्यांत विलक्षण वाटतो. वर्तमानपत्रांत बातमी आली आणि फोनबरोबर माणसंही दारात येऊ लागली. मदत करू इच्छिणारेही आले: साधे, कसलंही खास शिक्षण नसलेले लोक. सल्ला देणार व्हारा. स्वयंसेवकांनी फक्त ताटकळणाऱ्यांना चहा द्यायचा, सोबत बसायचं, अशी वाटणी होती. पण चहा पिता पिता लोक बोलू लागत. मन मोकळं झालं की अनेकांना पाळकाला भेटायची गरजच उरत नसे. बहुतेकांना हवा होता तो ऐकणारा माणूस, आणि तो बाहेरच्या खोलीत कप भरत बसला होता!

एखादा अहंकारी माणूस यावर दुखावला असता. व्हारांनी फेब्रुवारी 1954 मध्ये ऐकण्याचं काम स्वयंसेवकांकडे सोपवलं. ‘डेली मिरर’ने बातमीच्या मथळ्यात त्यांना बायबलमधल्या चांगल्या शोमरोन्याचं, इंग्रजीत ‘समॅरिटन’चं, नाव दिलं होतं. वाटेत जखमी पडलेल्या परक्याला उचलणारा तो. त्यावरून संस्थेचं नाव पडलं ‘समॅरिटन्स’. चर्चच्या तळघरात वाढलेल्या या कामात एक नियम मात्र कडक: धर्मोपदेश करायचा नाही. फोन करणारा कुठल्याही धर्माचा असो वा कुठलाच न मानणारा, ऐकणाराही तसाच. पाळकाने उपदेश बाजूला ठेवावा, यापेक्षा मोठी श्रद्धा मला तरी माहीत नाही.

नुसत्या ऐकण्याने एवढं काय होतं? जीव द्यावासा वाटणाऱ्या माणसाच्या मनात बहुधा दोन ओढी एकाच वेळी असतात. मरावंसं वाटतं आणि कुणीतरी थांबवावं असंही वाटतं. ती तीव्र लाट अनेकदा काही तासांत ओसरते. तेवढा वेळ कुणी सोबत असलं तर तो तगतो. फोनवर नाव सांगावं लागत नाही, चेहरा दिसत नाही, नकोसं झालं तर रिसीव्हर ठेवता येतो. सगळंच हातातून सुटलेल्या माणसाकडे निदान एवढा ताबा राहतो. प्रशिक्षित स्वयंसेवक थेट विचारतात, ‘जीव द्यावा असं मनात येतंय का?’ असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही आपल्याकडची घट्ट समजूत चुकीची आहे. संशोधन सांगतं की विचारल्याने धोका वाढत नाही. उलट इतके दिवस एकट्याने वाहिलेलं ओझं उतरवायला वाट मिळते.

आज ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये समॅरिटन्सच्या सुमारे 200 शाखा आहेत. या कामाचा वारसा जगभर पसरला; मुंबईतही समॅरिटन्स आहेत. व्हारा पन्नास वर्षं वॉलब्रुकचे पाळक राहिले आणि 2007 मध्ये, 95 व्या वर्षी, गेले.

आपल्या घरात, शेजारी, कचेरीत कुणी अचानक गप्प झालं असेल, निरवानिरवीची भाषा बोलत असेल, तर सल्ला न देता त्याच्याजवळ बसा आणि थेट विचारा. भारत सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही मिळते. हा आकडा आजच फोनमध्ये नोंदवून ठेवा, आणि स्वतःला गरज वाटली तरी संकोच न करता फिरवा.