हवेच्या कॉम्प्रेसरांत तेल किती घालावें?

यंत्र तापलें कीं त्यांत तेल घालावें, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. गाडीच्या आंसास वंगण आणि विहिरीवरच्या इंजिनास पाणी, या दोन गोष्टी सांभाळीत आपल्या दोन पिढ्या गेल्या. त्यामुळें कमी पडलें तरच बिघडतें, चार थेंब अधिक झाल्यानें कांहीं बिघडत नाहीं, असा आपला अनुभव झाला. परंतु डाळगिरणींत हवा पुरविणाऱ्या स्क्रू कॉम्प्रेसरास हा अनुभव लागू पडत नाहीं. त्यांत तेल कमी झालें तर यंत्र तापून बंद पडतें, आणि अधिक झालें तर तें आपला माल नासवितें. पहिलें नुकसान तेव्हांच दिसतें. दुसरें माल बाजारांत गेल्यावर कळतें.

हिंगोली जिल्ह्यांत तूर, हरभरा, सोयाबीन व हळद हीं महत्त्वाचीं पिकें होत. माल कच्चा विकण्यापेक्षां तो साफ करून, डाळ करून विकावा, या हेतूनें ठिकठिकाणीं शेतकऱ्यांचे गट लहान गिरण्या चालवीत आहेत. अशा गिरणींत पुष्कळदां रंग पाहून दाणे निवडणारें यंत्र असतें; गिरणीवाले त्यास सॉर्टेक्स म्हणतात. डाळ उतरणीवरून घसरत असतां कॅमेरा प्रत्येक दाणा पाहतो, आणि काळा अगर डागी दाणा दिसतांच हवेचा बारीक झोत त्यास बाजूस उडवितो. हा झोत कॉम्प्रेसरांतून येतो. म्हणून ती हवा कोरडी व तेलविरहित असली पाहिजे. तिच्यांत तेल उतरलें, तर तें सरळ अन्नावर पडतें.

आमची चूक

पुसेगांव येथें आम्हां कांहीं शेतकऱ्यांची अशीच एक लहान गिरणी आहे व तिचा हिशेब मजकडे असतो. दोन वर्षांपूर्वीं चैत्राच्या उन्हांत तेथील दहा अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर दुपारीं तापून आपोआप बंद पडूं लागला. यंत्र चालूं असतां मीं तेलाची कांच पाहिली. तींत तेल अगदीं तळाशीं दिसलें. तेल कमी पडलें असें समजून मीं एक लिटर घालण्यास सांगितलें. दुसऱ्या दिवशीं यंत्र पुन्हां तापलें, तेव्हां आणखी अर्धा लिटर घालविलें. तिसऱ्या दिवशीं सॉर्टेक्सच्या झोतांचीं तोंडें चिकटलीं व चांगली डाळ डागी मालांत पडूं लागली. नळी सोडून तिच्यापुढें पांढरें फडकें धरलें, तों त्यावर पिवळे ठिपके उमटले.

आदल्या दिवशींचे बावीस कट्टे तोंवर हिंगोलीस रवाना झाले होते. व्यापाऱ्यानें मूठभर डाळ नाकाशीं नेली, आणि कांहीं न बोलतां कट्टे पुन्हां गाडींत चढविण्यास सांगितलें. ती डाळ एका गृहस्थाची होती, आणि तिच्या पैशांवर त्यांच्या घरचें एक कार्य ठरलेलें होतें. भरपाई आम्हीं सर्वांनीं वर्गणी करून दिली. परंतु चूक माझी होती, हें येथें नमूद करणें अवश्य वाटतें.

पुढें कारागीर आला. त्यानें यंत्राच्या मागची झांकणी काढली, तों कूलरच्या पट्ट्यांत तुरीचा कोंडा व धूळ बसून जणूं लेप चढला होता. तेल मुळींच कमी नव्हतें. हवा खेळत नव्हती. त्यानें जादा दीड लिटर तेल काढून टाकलें, तेलानें भिजलेला सेपरेटर बदलला व कूलर स्वच्छ केला. त्याच उन्हांत यंत्र न थांबतां चालूं लागलें.

तेलाचें काम

हवा दाबली कीं ती तापते. सायकलचा पंप जोरानें मारतांना त्याची नळी गरम लागते, हें सर्वांच्या परिचयाचें आहे. ३० अंश उष्णतेची हवा वातावरणाच्या आठपट दाबापर्यंत न थंडावतां दाबली, तर हिशेबानें ती २७० अंशांच्या वर जाते. स्क्रू कॉम्प्रेसरांत दोन मळसूत्री दांडे एकमेकांत फिरून हवा दाबतात. स्वीडनमधील आल्फ लिशोल्म या इंजिनिअरानें १९३० नंतरच्या दशकांत या यंत्रास व्यवहारोपयोगी रूप दिलें. आरंभीं हीं यंत्रें कोरडीं चालत. दाबल्या जाणाऱ्या हवेंतच तेल फवारण्याची पद्धत मागाहून आली. आपल्याकडे हवेचे कॉम्प्रेसर बनविणारी किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनी पुण्यास १९५८ सालीं स्थापन झाली.

फवारलेलें तेल तीन कामें करितें. तें दांड्यांस वंगण देतें, त्यांच्यामधील बारीक फट बुजवितें, आणि हवेची उष्णता स्वतः घेतें. यांतील तिसरें काम सर्वांत मोठें, म्हणूनच या तेलास कूलंट म्हणतात. त्याच्यामुळें बाहेर पडणारी हवा साधारणतः ७५ ते ९५ अंशांवर राहते. पुढें हवा व तेल टाकींत येतात. तेथें बरेंचसें तेल खालीं बसतें, उरलेलें सेपरेटर अडवितो, आणि तें कूलरमधून थंड होऊन पुन्हां कामास लागतें. म्हणजे तेंच तेल मिनिटांत अनेक वेळां फेरा करितें.

यावरून दोन्ही बाजूंचा दोष ध्यानांत येईल. तेल कमी असेल तर तेंच थोडें तेल सर्व उष्णता वाहूं लागतें. तें लवकर काळें पडतें, आंत राळेसारखा थर धरतो, आणि उष्णता सुमारें १०५ ते ११० अंशांवर गेली कीं यंत्र स्वतःस बंद करितें. तेल अधिक असेल तर टाकींत हवेस तेलापासून सुटण्यास जागा उरत नाहीं; सेपरेटर भिजून जातो व तेल हवेबरोबर बाहेर निघतें. भिजलेल्या सेपरेटरांतून हवा ढकलण्यास वीजहि जास्त लागते.

पातळी कशी पाहावी

किती लिटर, याचें एकच उत्तर सर्व यंत्रांस लागू नाहीं. बरोबर माप म्हणजे टाकीच्या कांचेवरील खालची व वरची खूण यांच्यामधील जागा. ती पाहण्याची वेळ चुकली कीं माप चुकतें. यंत्र चालूं असतां पुष्कळसें तेल नळ्यांत, कूलरमध्यें व दांड्यांत फिरत असतें, त्यामुळें टाकींत तें कमी दिसतें. हीच माझी चूक झाली. कांहीं यंत्रांवर चालूं स्थितींत पाहण्याची निराळी खूण असते. सबब यंत्राबरोबर आलेलें पुस्तक आधीं वाचावें. तसें सांगितलेलें नसेल तर पुढील क्रम ठेवावा.

१. यंत्र सपाट जागेवर असावें. विहिरीवर अगर बोअरवर नेलेलें यंत्र उतारावर उभें असेल तर कांच खोटें बोलते.

२. यंत्र बंद करून, वीज तोडून, दहा-पंधरा मिनिटें थांबावें. तेल खालीं उतरून त्यांतील फेस मोडूं द्यावा.

३. दाबाचा कांटा शून्यावर आल्याखेरीज तेलाचें बूच कदापि उघडूं नये. दाब असतां बूच सोडल्यास तापलेलें तेल उसळून तोंडावर येतें.

४. तेल कमी असल्यास थोडें थोडें घालावें आणि वरच्या खुणेच्या खालींच थांबावें. पांच लिटर तेल साठ अंशांनीं तापलें कीं सुमारें २०० मिलिलिटर फुगतें. म्हणून थंड यंत्र कांठोकांठ भरणें चूक होय.

५. तेल बदलतांना पुस्तकांतील पूर्ण आंकडा एकदम ओतूं नये. जुनें तेल कूलरांत व नळ्यांत कांहीं अंशीं शिल्लक राहतें. खुणेपर्यंत भरावें, यंत्र पांच-दहा मिनिटें चालवावें, पुन्हां बंद करून थांबावें, आणि मग उणें असेल तेवढेंच पुरें करावें.

चुकून अधिक तेल पडल्यास, चालवून संपेल अशा आशेवर राहूं नये. खालच्या चावीनें जादा तेल काढून टाकावें.

तेल कोणतें

प्रमाणाइतकीच जातहि महत्त्वाची. स्क्रू कॉम्प्रेसरांत बहुधा ४६ क्रमांकाच्या पातळपणाचें तेल लागतें. तथापि पुस्तकांत सांगितलेलेंच घ्यावें. ट्रॅक्टरचें इंजिन ऑईल घरांत असतें म्हणून तें ओतूं नये. इंजिनांतील काजळी व मळ धरून ठेवण्यासाठीं त्यांत जीं द्रव्यें असतात, तींच येथें पाणी सुटूं देत नाहींत व फेस करितात. दोन जातींचीं तेलें मिसळल्यास कधीं कधीं त्यांचा चिकट गाळ होतो. जेथें हवा धान्यास लागते, तेथें अन्नाच्या यंत्रांसाठीं असलेलें, एच १ वर्गाचें तेल योग्य. तें महाग असतें, पण परत आलेल्या कट्ट्यांइतकें महाग नसतें.

पावसाळ्यांत आणखी एक सावधगिरी ठेवावी. हवेंतील ओल टाकींत पाणी होऊन तेलाखालीं बसते आणि तेलाची पातळी फसवी वर दिसते. यंत्र थोडा थोडा वेळ चालून थंडच राहत असेल, तर हें अधिक होतें. सकाळीं यंत्र सुरू करण्यापूर्वीं, दाब शून्य असतां, खालची चावी किंचित् उघडून पाणी जाऊं द्यावें व तेल दिसतांच बंद करावी. तेल ताकासारखें पांढुरकें झालें असेल तर तें बदलावें.

तेलाचा जमाखर्च

आतां माझ्या जुन्या धंद्यास शोभेल अशी एक सूचना करितों. कॉम्प्रेसरजवळ एक वही टांगावी, आणि तींत तारीख, तासांचा आंकडा, उष्णता, कांचेवरील पातळी, घातलेलें तेल व घालणाराची सही, इतकें रोज लिहावें. वहीचा उपयोग असा. दहा अश्वशक्तीचें यंत्र मिनिटास सुमारें एक घनमीटर हवा देतें. सेपरेटर चांगला असतां दर घनमीटरामागें सुमारें ३ मिलिग्रॅम तेल जातें. म्हणजे ५०० तासांत ३०,००० घनमीटर हवेबरोबर ९० ग्रॅम; चहाच्या एका कपाएवढें. आपल्या वहींत तेवढ्याच तासांत एक लिटर खर्च पडला असेल, तर तें तेल कोठें तरी गेलें आहे. जमिनीवर ओघळ नसेल तर तें हवेंत गेलें; म्हणजे सेपरेटर फाटला, अथवा तेल परत आणणारी बारीक नळी तुंबली, अथवा आपणच अधिक भरलें. नुसतें नवें तेल ओतीत राहणें म्हणजे शिल्लक कां जुळत नाहीं हें न पाहतां पदरचे पैसे पेटींत टाकणें होय.

उलट पातळी बरोबर असून उष्णता वाढत असेल, तर तेलाच्या डब्यास हात लावूं नये. आधीं कूलरचा कोंडा झाडावा, हवेचा व तेलाचा फिल्टर पाहावा, आणि खोलींतील तापलेली हवा बाहेर जाण्यास वाट आहे कीं नाहीं हें पाहावें. आमच्या गिरणींत आतां दर आठवड्यास कूलर साफ होतो व भिंतीस एक मोठा झरोका पाडला आहे. तेव्हांपासून चैत्र-वैशाखांतहि यंत्र तापून थांबलें नाहीं, आणि तेलाचा डबा बहुधा कुलुपांत असतो. ज्यांचे कट्टे परत आले होते ते गृहस्थ गेल्या हंगामांत पुन्हां आमच्याकडेच तूर घेऊन आले. आंत शिरतांच त्यांनीं प्रथम वही मागितली, शेवटचें पान वाचलें, आणि मगच गाडी सोडविली. तेल किती घालावें याचें उत्तर डब्यावर छापलेलें नसतें. तें बंद यंत्राच्या कांचेवर व रोजच्या वहींत असतें, हें शेतकरी बंधूंनीं ध्यानांत ठेवावें.