अमेरिकेतील कॉलेज फुटबॉल : संघटना का फुटतात?

अमेरिकेतील विद्यापीठांचा फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन धावण्याचा तो खेळ आहे, आणि आज तो अब्जावधी डॉलरांचा धंदाही आहे. या धंद्यात 1915 साली स्थापन झालेली एक संघटना 2023 मध्ये बघता बघता मोडली. 2030 च्या सुमारास पुन्हा मोठी मोडतोड होईल अशी चर्चा तेथे सुरू आहे. प्रश्न खेळाचा कमी आणि भागीदारीचा जास्त असल्याने व्यापारी बांधवांसाठी आम्ही तो येथे मांडत आहोत.

तेथील विद्यापीठे गट करून खेळतात. या गटांना ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. टीव्हीचे हक्क पूर्वी एनसीएए या मध्यवर्ती संस्थेच्या मुठीत होते. 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मक्तेदारी बेकायदा ठरवली. पुढे कॉन्फरन्स आपल्या सभासदांचा माल एकगठ्ठा विकू लागल्या आणि आलेली रक्कम बहुधा समान वाटू लागल्या. येथेच कुरबुर सुरू होते. ज्याच्या दुकानावर गर्दी जास्त, तो म्हणतो, मला वाटा सारखाच का?

असा सभासद निघून जाऊ नये म्हणून एक कागद केला जातो. ठरावीक मुदतीपर्यंत आपल्या सामन्यांचे टीव्ही हक्क तो संघटनेच्या नावे लिहून देतो. मुदतीआधी बाहेर पडला तर हक्क मागेच राहतात.

पॅसिफिक किनाऱ्यावरील ‘पॅक-12’ या संघटनेच्या कागदाची मुदत 2024 मध्ये संपत होती. 2022 च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसची दोन्ही मोठी विद्यापीठे ‘बिग टेन’कडे निघाली. संघटनेची मोठी बाजारपेठच गेली. उरलेल्यांना टीव्हीचा चांगला करार मिळेना. शेवटी ॲपल कंपनीचा देकार आला : हमीची रक्कम बेताची, वर्गणीदार वाढले तर उत्पन्न वाढेल. हमी सोडून उमेदीवर कोण बसणार? 4 ऑगस्ट 2023 या एकाच दिवशी पाच विद्यापीठांनी जाण्याचे जाहीर केले. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड व बर्कली ‘अटलांटिक कोस्ट’मध्ये गेली, तीही सुरुवातीला सुमारे 30 टक्के वाट्यावर. डॅलसच्या एका विद्यापीठाने तर त्याच संघटनेत शिरण्यासाठी नऊ वर्षे टीव्हीच्या वाट्यावर पाणी सोडले. (नावांकडे लक्ष देऊ नये. ‘बिग टेन’मध्ये आता 18 सभासद आहेत!)

मागे उरली ओरेगॉन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट, दोन्ही लहान गावांतली. सामन्याच्या दिवशी तेथील लॉज, खाणावळी आणि टोप्या-सदरे विकणाऱ्यांची कमाई होते. संघाची पत घसरली की झळ त्यांनाही लागते.

‘अटलांटिक कोस्ट’चा कागद मात्र 2036 पर्यंतचा होता. फ्लोरिडा स्टेट व क्लेमसन यांनी तरीही कोर्टकचेरी केली. मार्च 2025 मध्ये तडजोड झाली. प्रेक्षक जास्त, त्याला रक्कम जास्त. बाहेर पडण्याचा दंड दरवर्षी उतरत 2030-31 पर्यंत साडेसात कोटी डॉलरवर येईल आणि जाणाऱ्याचे हक्क त्याच्याबरोबर जातील. ‘बिग टेन’चा सध्याचा टीव्ही करार 2030 मध्ये संपतो, ‘बिग 12’चा 2031 मध्ये. म्हणजे दारे एकाच सुमारास उघडतात. आमच्या मते पुढचे भांडण समान वाट्यावरच होईल.

पैशाची गरजही वाढली आहे. माल तयार करणारा खेळाडू इतकी वर्षे विद्यापीठाकडून शिष्यवृत्तीवरच होता. जून 2025 मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत रक्कम खेळाडूंना थेट देता येते.

मागे राहिलेल्या त्या दोघांनी न्यायालयात दाद मागितली. निघून जाणाऱ्यांना कारभारात मत असू नये, हे त्यांचे म्हणणे टिकले आणि संघटनेचा कारभार व गंगाजळी त्यांच्या ताब्यात आली. त्या बळावर बॉयसी स्टेट, सॅन डिएगो स्टेट आदींना घेऊन जुलै 2026 पासून जुन्याच नावाने नवी भागीदारी उभारण्याचे त्यांनी ठरवले.