ग्रीकचे मास्तर नीत्शे

नीत्शे म्हटलं की आपल्याला आठवतो तो देव मेल्याचं सांगणारा, भरघोस मिशांचा तत्त्वज्ञ. मी आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवलं, म्हणून असेल, मला त्याच्यातला मास्तर जास्त जवळचा वाटतो.

१८६९ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल विद्यापीठाने त्याला ग्रीक-लॅटिन शिकवायला बोलावलं, तेव्हा तो अवघा २४ वर्षांचा होता. सकाळी ७ वाजता विद्यापीठात व्याख्यान आणि शिवाय गावातल्या पेडागोगियम या शाळेत वरच्या वर्गाला ग्रीक. पोरं त्याला फार मानायची. आवाज मृदू, आणि समोर मोठी माणसं बसली आहेत असं वागणं. त्याच्या विद्यार्थ्यांची एक आठवण सांगतात. 'इलियड'मधलं अकिलिसच्या ढालीचं वर्णन सुट्टीत वाचून यायचं होतं. एकाने न वाचताच 'वाचलं' म्हणून सांगितलं. "मग करा वर्णन," नीत्शे म्हणाला. मुलगा गप्प. नीत्शे मात्र मन लावून ऐकत असल्यासारखा फेऱ्या घालत राहिला. बऱ्याच वेळाने, ढालीचं वर्णन ऐकून झालं असं म्हणून त्याने पुढचा भाग घेतला. अपमानाचा एक शब्द नाही. पण तो मुलगा पुन्हा न वाचता वर्गात आला नसेल, असं मला खात्रीने वाटतं.

घरी आला की पियानो. सुचेल ते वाजवत बसायचा, स्वतः रचनाही करायचा. ल्युसर्नजवळ राहणाऱ्या संगीतकार वाग्नरकडे त्याचं सारखं जाणं असे. याच वेडातून १८७२मध्ये त्याचं पहिलं पुस्तक आलं. ग्रीक शोकांतिका संगीतातून जन्मली, असं त्याचं म्हणणं. 'सौभद्र'मधली पदं न गाता नुसती वाचली तर हाती काय लागेल? ग्रीक कोरसही गाणारा, नाचणारा होता. पंडितांकडे उरली होती फक्त संहिता. पंडित खवळले. विलामोवित्झ नावाच्या पंडिताने त्याच्यावर जळजळीत पुस्तिका लिहिली. त्या हिवाळ्यात विद्यापीठातल्या त्याच्या व्याख्यानांना दोनच श्रोते उरले, आणि त्यांतला एकही ग्रीक-लॅटिनचा विद्यार्थी नव्हता. शाळेतला तास मात्र पुढेही काही वर्षं चालू राहिला.

डोकेदुखी आणि अधू डोळ्यांपायी १८७९मध्ये त्याने नोकरी सोडली. बाझलने वर्षाला ३००० फ्रँकचं निवृत्तिवेतन दिलं. पुढची सगळी गाजलेली पुस्तकं त्यावरच लिहिली गेली. १८८७मध्ये त्याने 'जीवनस्तोत्र' ही आपली रचना छापून घेतली. त्याच्या हयातीत छापलेलं त्याचं संगीत तेवढंच, आणि तेही कोरससाठी.