पेंचकाठावरून बोलोन्याला, एका सत्रासाठी

परदेशी शिक्षणाचा विषय निघाला की नागपूर जिल्ह्यातल्या पारशिवनीसारख्या तालुक्याच्या गावात पहिला हिशेब शेताचा होतो. एकर किती, कर्ज किती मिळेल, तारण काय ठेवायचं. पूर्ण पदवीसाठी तो हिशेब अगदी खरा आहे. पण आपल्याच महाविद्यालयात नाव ठेवून, आपल्याच पदवीतलं एक सत्र परदेशी विद्यापीठात शिकून परत यायचं, अशीही एक वाट आहे. धान, कापूस आणि कोळसा खाणींच्या या पट्ट्यात तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. इथली पोरं बीएस्सी, बीकॉम, इंजिनिअरिंगला नागपूरला जाऊन-येऊन शिकतात. त्यांच्यासाठी मला ती पूर्ण पदवीच्या वाटेपेक्षा जवळची वाटते.

तिला विद्यार्थी विनिमय म्हणतात. दोन विद्यापीठांत करार होतो. तुमचा विद्यार्थी आमच्याकडे पाच-सहा महिने शिकेल, आमचा तुमच्याकडे. शिकवणी शुल्क ज्याने त्याने आपल्याच विद्यापीठात भरायचं. म्हणजे नागपूरची फी भरून इटलीतल्या वर्गात बसता येतं. विमान, घरभाडं, जेवण यांचा खर्च उरतो आणि तिथेच ‘इरॅस्मस प्लस’ ही युरोपीय महासंघाची योजना कामी येते. १९८७ साली युरोपातल्या देशांपुरता सुरू झालेला हा कार्यक्रम आता भारतासारख्या बाहेरच्या देशांनाही खुला आहे. इटलीत जाणाऱ्या विद्यार्थ्याला दरमहा ८०० ते ९०० युरोच्या घरात अनुदान आणि अंतरानुसार प्रवासखर्च मिळू शकतो. मात्र विद्यार्थ्याला एकट्याने अर्ज करून हे अनुदान मिळत नाही. युरोपातल्या विद्यापीठाने आपल्या विद्यापीठाशी करार करून निधी मागितलेला असावा लागतो आणि आपल्या विद्यापीठाने विद्यार्थ्याचं नाव पाठवावं लागतं. म्हणून पहिला प्रश्न स्वतःच्या गुणांचा नसतो. आपल्या विद्यापीठाचा कुणाशी करार आहे, तो कोणत्या विभागाचा आहे आणि त्याची मुदत संपली तर नाही ना, हे आधी विचारायचं. प्राचार्यांच्या खोलीत जाऊन विचारायचं.

परक्या गावात विद्यार्थी कागदाच्या आधारावर उभा राहतो, ही गोष्ट इटलीत फार जुनी आहे. बोलोन्याचं विद्यापीठ आपली स्थापना १०८८ सालची मानतं. तिथे दूरदूरचे विद्यार्थी आपापल्या मुलखाप्रमाणे संघ करून राहत आणि शिक्षकांचे पैसेही तेच देत. त्या काळी एखाद्या मुलखाच्या माणसाने कर्ज बुडवलं, तर त्याच मुलखाच्या दुसऱ्या कुणाकडून ते वसूल करण्याची रीत होती. त्यात शिकायला आलेली पोरं भरडली जात. बाराव्या शतकाच्या मध्यावर सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने फर्मान काढलं, की विद्येसाठी फिरणाऱ्याला सुरक्षित प्रवास करू द्यावा आणि दुसऱ्याच्या कर्जासाठी त्याला धरू नये. आजचा विद्यार्थी व्हिसा मला त्या फर्मानाच्याच वंशातला वाटतो. ज्या इरॅस्मसचं नाव योजनेला दिलं, तो डच विद्वानही १५०६ साली इटलीतल्याच तुरिनमध्ये डॉक्टरेट घेऊन गेला होता.

मराठी माणसाची इटलीतली एक खूण मात्र दुःखाची आहे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली इंग्लंड-युरोप पाहायला गेले. परतीच्या वाटेवर आजारी पडून ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये त्यांचं निधन झालं. वय अवघं वीस. दहनाची प्रथा नसलेल्या त्या शहरात खास परवानगीने, आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. तिथे त्यांचं स्मारक आहे आणि जवळचा विसाव्या शतकातला पूलही ‘त्या भारतीयाचा’ म्हणूनच ओळखला जातो. राजे होते, सोबत लवाजमा होता, म्हणून दीडशे वर्षांपूर्वी ते एवढ्या दूर जाऊ शकले. आज पारशिवनीच्या मुलीला लवाजमा लागत नाही. तिला लागतो करार आणि क्रेडिटचा हिशेब.

तो हिशेब नीट समजून घ्यायला हवा, कारण बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. युरोपात एका शैक्षणिक वर्षाला ६० क्रेडिट असतात, सत्राला ३०. इटलीत एक क्रेडिट म्हणजे २५ तासांचं काम, त्यात तास, वाचन आणि तयारी सगळं आलं. आपल्याकडे नव्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाला साधारण ४० क्रेडिट आणि एका क्रेडिटला ३० तास धरले आहेत. म्हणजे आपलं सत्र ६०० तासांचं आणि त्यांचं ७५० तासांचं. आकडा आकड्याला जुळत नाही, म्हणून निघण्याआधी ‘लर्निंग ॲग्रीमेंट’ नावाचा कागद करतात. तिकडे कोणते विषय घेणार आणि ते इकडे कोणत्या विषयांच्या बदल्यात धरणार, हे त्यावर लिहिलेलं असतं आणि विद्यार्थी, आपलं विद्यापीठ व तिकडचं विद्यापीठ असे तिघे सही करतात. ही सही झाल्याशिवाय तिकीट काढू नये. नाहीतर सहा महिने मन लावून शिकून आल्यावर तोच विषय इथे पुन्हा द्यावा लागतो.

परीक्षेची तऱ्हाही वेगळी. इटलीत अनेक विषयांची परीक्षा तोंडी असते. प्राध्यापकासमोर बसायचं, बाकीचे विद्यार्थी ऐकत असतात आणि प्रश्नातून प्रश्न निघत जातो. गुण तीसपैकी, उत्तीर्ण व्हायला अठरा. मिळालेले गुण पसंत नसतील तर ते नाकारून पुढच्या तारखेला पुन्हा बसण्याची मुभाही अनेक ठिकाणी असते. लिहून पानं भरायची सवय असलेल्या आपल्या मुलांना याचा सुरुवातीला धसका बसतो, पण एक सत्र अशा परीक्षा दिलेला मुलगा पुढे कुठल्याही मुलाखतीत अडखळणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

भाषेचं आधीच सांगायला हवं. पदव्युत्तर पातळीवर इंग्रजीतले अभ्यासक्रम बरेच मिळतात, पदवीला मात्र बहुतांश शिक्षण इटालियनमध्ये. वर्ग इंग्रजीत असला तरी घरमालक, पोस्ट आणि किराणा दुकान इटालियनमध्येच बोलतं. पोहोचल्यावर आठ कामकाजाच्या दिवसांत राहण्याच्या परवान्याचा अर्ज करावा लागतो. तो पोस्टात भरतात, मग पोलिसांच्या परदेशी नागरिक कचेरीत बोटांचे ठसे. करक्रमांक वेगळा काढायचा, त्याशिवाय भाडेकरार होत नाही. निघण्याआधी चार-सहा महिने रोज तासभर भाषा शिकली तर हे सगळं सुसह्य होतं. खोली मिळणं हा सर्वांत मोठा घोर आहे. २०२३ च्या मे महिन्यात वाढत्या भाड्यांच्या निषेधार्थ मिलानच्या पॉलिटेक्निकोसमोर विद्यार्थ्यांनी तंबू ठोकले होते आणि ते लोण इतर विद्यापीठांच्या शहरांत पसरलं. त्यामुळे विद्यापीठाच्या वसतिगृहाचा अर्ज पहिल्याच दिवशी भरावा.

करार नसेल तर? पदवीनंतर दोन वाटा आहेत. ‘इरॅस्मस मुंडस’च्या संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रमांना थेट अर्ज करता येतो, शिष्यवृत्ती दरमहा १,४०० युरो. दुसरी वाट इटालियन विद्यापीठात पूर्ण पदवी घेऊन तिथल्या प्रांताची शिष्यवृत्ती मिळवण्याची. ती कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरते आणि इथे आपलं तहसील कार्यालय थेट युरोपाशी जोडलं जातं. कुटुंबात माणसं किती, उत्पन्न किती, घर किती चौरस मीटरचं, बँकेत ३१ डिसेंबरला शिल्लक किती, हे सगळं दाखवावं लागतं. कागदांवर ॲपोस्टिलचा, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य ठरवणारा शिक्का आणि सोबत इटालियन भाषांतर हवं. उत्पन्न जानेवारी ते डिसेंबरचं विचारतात, आपले दाखले एप्रिल ते मार्चचे. म्हणून दाखला मागतानाच काय हवं ते लेखी द्यावं. धान उत्पादकाचं उत्पन्न युरोपच्या मापाने फारच कमी भरतं आणि या शिष्यवृत्तीत तेच मुलाच्या बाजूने उभं राहतं.

भौतिकशास्त्र किंवा गणिताच्या मुलांनी त्रिएस्तेचं नाव लक्षात ठेवावं. भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम यांनी १९६४ मध्ये तिथे उभारलेलं आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक भौतिकी केंद्र मुख्यतः विकसनशील देशांतल्या शास्त्रज्ञांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी आहे. त्याच्या एक वर्षाच्या डिप्लोमाला फी नाही आणि राहण्याचा खर्चही मिळतो, शिकवणं इंग्रजीत. २०१९ मध्ये त्या केंद्राचे संचालक झाले अतीश दाभोलकर. बालपण गडहिंग्लजचं, वडील शेतकऱ्यांच्या ‘प्रयोग परिवार’ चळवळीचे श्रीपाद दाभोलकर. गडहिंग्लजही तालुक्याचंच गाव.

विनिमयाला जाणाऱ्यांनी वेळेचं गणित आजच मांडावं. इटलीचं पहिलं सत्र सप्टेंबरात सुरू होतं आणि परीक्षा फेब्रुवारीपर्यंत लांबतात. तोवर आपलं सम सत्र सुरू होऊन महिना-दीड महिना गेलेला असतो, म्हणजे दोन्हीकडचं बिनसतं. दुसरं सत्र फेब्रुवारी ते जुलै असतं. आपल्या हिवाळी परीक्षा देऊन निघायचं आणि पुढच्या विषम सत्रासाठी परतायचं, हे जास्त सोयीचं. या सत्रासाठी नावं साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात मागवतात. म्हणजे करार आहे का ही चौकशी जुलैत, विषयांची जुळणी गणपतीच्या सुमारास आणि पासपोर्ट त्याआधी हातात. व्हिसाचा अर्ज दिवाळी उरकली की लगेच.