माळढोक पक्षी अभयारण्य, नान्नज

माळढोक पक्षी अभयारण्य हे महाराष्ट्राच्या सोलापूर आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यांतील गवताळ माळरानांवर पसरलेले संरक्षित क्षेत्र आहे. माळढोक या दुर्मीळ पक्ष्याच्या संरक्षणासाठी १९७९ साली ते घोषित झाले. सोलापूर शहरापासून सुमारे २० किमी अंतरावर, बार्शी रस्त्यावरील नान्नज हे त्याचे सर्वपरिचित ठिकाण होय.

विस्तार

प्रारंभी अभयारण्याचे क्षेत्र सुमारे ८,४९६ चौ.किमी होते. त्यात गावे, शेती व खाजगी जमिनींचा समावेश असल्याने जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आले आणि स्थानिकांत नाराजी निर्माण झाली. पुढे सीमांची पुनर्रचना होऊन हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौ.किमी करण्यात आले. संरक्षित माळराने सलग नसून शेतांमध्ये विखुरलेली आहेत.

वनस्पती

हा प्रदेश पर्जन्यछायेतील असून जमीन उथळ व मुरमाड आहे. कुसळी, पवन्या, मारवेल ही गवते आणि बोर, बाभूळ, हिवर ही काटेरी झाडेझुडपे येथे आढळतात. माळरान ही पडीक जमीन नसून स्वतंत्र परिसंस्था आहे. त्यामुळे येथे दाट वृक्षलागवड केल्यास मोकळ्या जागेत राहणाऱ्या प्राण्यांचा अधिवास घटतो.

प्राणी

माळढोकाची उंची सुमारे एक मीटर असून नराचे वजन १५ किलोपर्यंत भरू शकते. नाकतोडे, भुंगेरे, सरडे, बोरे व धान्य हे त्याचे खाद्य आहे. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. त्यामुळे संख्या घटल्यास ती भरून येण्यास फार काळ लागतो. समोरचे कमी दिसत असल्याने हा जड पक्षी विजेच्या तारांवर आदळून मरण पावतो. २०११ पासून तो अतिसंकटग्रस्त मानला जातो. नान्नज परिसरातही त्याचे दर्शन आता अत्यंत दुर्मीळ झाले आहे. काळवीट, लांडगा, खोकड, ससा, चंडोल, पखुर्डी आणि हिवाळी पाहुणे असलेले भोवत्या पक्षी येथे दिसतात.

पर्यटन

पावसाळ्यात माळ हिरवा होतो, तर हिवाळा पक्षिनिरीक्षणास सोयीचा असतो. प्रवेशासाठी वन विभागाची परवानगी घ्यावी लागते. जमिनीवरील घरटी तुडवली जाऊ नयेत म्हणून पर्यटकांनी ठरलेली वाट सोडू नये.