सहीच्या आधी

“तुझं वय किती?”

पहिल्या बाकावरचा मुलगा उभा राहतो. “अठरा पूर्ण, मॅडम. जूनमध्ये झाली.”

“मग जूनपासून तुझ्या आयुष्यात काय बदललं?”

मतदान, तो म्हणतो. गाडीचं लायसन्स, मागून कुणीतरी पुरवतं. मॅडम दोन्ही उत्तरं ऐकून घेतात आणि तशाच थांबून राहतात. त्यांना हवं असलेलं उत्तर खिडकीकडच्या रांगेतून येतं.

“सही, मॅडम. आता सही केली की ती अंगावर येते.”

“कलम?”

“अकरा. भारतीय करार कायदा, १८७२.”

सोनपेठ, परभणी जिल्हा. भादव्याचं ऊन पत्र्यावर तापतं आहे आणि बी.कॉम.च्या वर्गात बिझनेस लॉचा तास चालू आहे. परवानगी घेऊन मी शेवटच्या बाकावर बसलो आहे. या मॅडमबद्दल गावात दोन टोकांची मतं ऐकू येतात. त्यांच्यासारखं शिकवणारं कुणी नाही, असं काही जण म्हणतात. त्यांच्या विषयात पास होणं म्हणजे नशीब, असं बाकीचे सांगतात. ही मतं कशातून तयार होतात ते मला वर्गात बसून पाहायचं आहे.

मॅडम फळ्यावर एका खटल्याचं नाव लिहितात: मोहरी बीबी. मग एका मुलीला गोष्ट सांगायला उभी करतात. पुस्तक मिटलेलं हवं आणि भाषा घरची हवी, हा त्यांचा नियम आहे. मुलगी आधी अडखळते, नंतर वेग घेते. कलकत्त्यात धर्मोदास घोष नावाचा एक मुलगा होता. वय पूर्ण झालेलं नसताना त्यानं सावकाराकडं वीस हजारांसाठी घर गहाण ठेवलं. सावकाराच्या माणसाला त्याचं वय माहीत होतं. खटला थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९०३ साली निकाल लागला की अज्ञानानं, म्हणजे वय पूर्ण न झालेल्यानं, केलेला करार मुळातच शून्य.

“शून्य आणि शून्यनीय यात फरक काय?” मॅडम लगेच विचारतात. मुलगी गप्प होते. “उद्या सांग. आज घरी जाऊन कलम एकोणीस वाच.” आवाज चढलेला नाही, पण सूटही मिळालेली नाही. मुलगी वहीच्या कडेला १९ लिहून त्याभोवती गोल काढते.

आता त्या कलम सोळावर येतात. अनुचित प्रभाव. व्याख्या सांगण्याआधी त्या कायद्यातलंच एक उदाहरण सांगतात. एका माणसाच्या डोक्यावर गावातल्या सावकाराचं कर्ज आहे. तो त्याच सावकाराकडून नवं कर्ज घेतो आणि अटी उघड उघड जाचक आहेत. अशा वेळी दबाव टाकला नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सावकारावर येते.

“हे मी माझ्या मनानं सांगत नाही. कायद्यात तो गावातला सावकार नीट लिहून ठेवलाय. आणि हा कायदा आल्यावर तिसऱ्याच वर्षी, मे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. कागद का जाळले?”

“कर्ज बुडवायला,” एक जण म्हणतो.

“वाचता येत नव्हते म्हणून,” दुसरा म्हणतो. “काय लिहिलंय तेच कळत नव्हतं.”

मॅडम दुसऱ्या उत्तरापाशी थांबतात. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा आला आणि शेतकऱ्याचा दस्त गावच्या रजिस्ट्रारसमोर लिहिण्याची तरतूद त्यात झाली, हे सांगतात. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, तो कायदा इकडं लागू नव्हता, हेही सांगतात. मग म्हणतात, “काढा आपापले कागद.”

या मॅडमचा गृहपाठ असा आहे: घरातला एक खरा कागद आणायचा, नावावर कागदाची पट्टी चिकटवायची आणि त्यात कराराची अंगं शोधायची. बाकांवर कागद दिसू लागतात. आडत दुकानाची कापसाची पट्टी. सोनं तारण ठेवल्याची पावती. आईच्या बचत गटाचं कर्जाचं कार्ड. बियाण्याच्या पिशवीचं लेबल आणि दुकानाचं बिल, एका पिनेनं टोचलेलं. ते मॅडम हातात घेतात आणि वर्गाला दाखवतात. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात कितीतरी रानांत सोयाबीन उगवलं नाही. बिल आणि लेबल ज्यांनी जपून ठेवलं त्यांच्या हातात दाखवायला काहीतरी होतं. बियाणं विकत घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात स्पष्ट केलं आहे. “पिशवी फाडताना लेबल फेकू नका,” त्या म्हणतात. वर्ग हे लिहून घेतो.

मधल्या रांगेतली एक मुलगी हात वर करते. तिच्यासमोर स्टॅम्प पेपरची झेरॉक्स आहे. मुकादमाकडून घेतलेली उचल. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्याआधी कोयत्याला उचल मिळते. इथं नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. आई-वडिलांच्या नावावर तिनं पट्टी लावली आहे, पण आवाजावरून कळतं की हा कागद तिच्या घरचाच आहे.

“वाच. प्रस्ताव कुणाचा?”

“मुकादमाचा.”

“प्रतिफल?”

“त्याचे पैसे, यांचं काम.”

“संमती मुक्त आहे?”

मुलगी थोडा वेळ घेते. “आधीच्या हंगामाची बाकी फिटली नव्हती, मॅडम. तीच याच्यात धरलीय. नाही म्हणायची सोय नव्हती.”

“पुढं.”

“मधून निघून गेलं तर दुप्पट परत द्यायचं, असं लिहिलंय. पण दुप्पट लिहिलं म्हणून दुप्पट मिळत नाही. कलम चौऱ्याहत्तर. वाजवी नुकसानभरपाई, तीपण लिहिलेल्या रकमेच्या आत.”

“बरोबर. आणि उचल दिली म्हणून माणसाला दुसरीकडं कामाला जाण्यापासून अडवून ठेवता येत नाही. त्यासाठी १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा आहे. आता मला सांग, वाजवी किती हे कोण ठरवणार?”

“कोर्ट.”

“तुझ्या घरचे कोर्टात जातील?”

“नाही जाणार.”

“मग हा कागद वाचायची वेळ कोणती?”

“सहीच्या आधी,” मुलगी म्हणते.

घंटा होते, तरी मॅडम आणखी एक गोष्ट सांगतात. कोऱ्या चेकवर सही करून देऊ नका. रक्कम दुसऱ्यानं भरली तरी, सही आपली असेल तर तो चेक देणी फेडण्यासाठीच दिला असं कोर्ट आधी गृहीत धरतं आणि तसं नव्हतं हे आपल्याला दाखवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये बीर सिंग खटल्यात हेच सांगितलं. “कुणी कितीही जवळचा असू द्या,” असं म्हणून त्या डस्टर उचलतात.

बाहेर लिंबाच्या झाडाखाली मुलं गोळा झाली आहेत. मी विचारतो, मॅडम कशा वाटतात? उत्तरं एकदम सुटतात.

“लई कडक. मी पूर्ण पान लिहिलं होतं चाचणीत, तरी शून्य. का, तर गाईडमधलं जसंच्या तसं आहे म्हणून.”

“नोट्स देतच नाहीत. बाकीचे सर लिहून देतात, आम्ही पाठ करतो, पेपर सुटतो. इथं रोज उभं राहून बोलावं लागतं. मला भीती वाटते. खरंच सांगते, तासाच्या आधी पोटात गोळा येतो.”

चष्मा घातलेला एक मुलगा शांतपणे वेगळा मुद्दा मांडतो. त्याला बँकेची परीक्षा द्यायची आहे. एवढ्या खोलात जाऊन मार्क वाढत नाहीत. तोच वेळ गणिताला दिला तर नोकरी लवकर लागेल. घरी दोन बहिणी आहेत. त्याचं म्हणणं कोणी खोडत नाही. मलाही ते खोडावंसं वाटत नाही, कारण नोकरीची घाई या तालुक्यातल्या प्रत्येक घरात आहे.

दुसरा एक जण संध्याकाळी आडत दुकानात हिशेब लिहितो. “मला हा एकच विषय रोज कामाला येतो. आडत्या हा एजंट असतो. मालकानं मागितला की हिशेब द्यावाच लागतो, कलम दोनशे तेरा. आधी मी पट्टीवर हमाली, तोलाई मोघम टाकायचो. आता वेगवेगळी लिहितो. शेतकरी विचारायलेत, तर सांगता येतं.”

बचत गटाचं कार्ड आणणारी मुलगी पुढं येते. तिच्या आईनं शेजारणीच्या कर्जाला जामीन म्हणून अंगठा दिला होता. जामीन म्हणजे फक्त ओळख, असं घरात सगळे समजत होते. “कलम एकशे अठ्ठावीस शिकले त्या दिवशी घरी जाऊन आईला सांगितलं, तिनं नाही भरलं तर पूर्ण कर्ज आपल्यावर. आई माझ्यावरच चिडली. म्हणली, शेजारणीवर विश्वास नाही का तुझा? आता गटाची मीटिंग असली की मला सोबत नेते.”

निळी वही छातीशी धरलेला एक मुलगा इतका वेळ ऐकतो आहे. मॅडमनी पहिल्याच तासाला सांगितलेली गोष्ट तो मला सांगतो: बाबासाहेब हाच विषय शिकवायचे. ती गोष्ट खरी आहे. डॉ. आंबेडकर १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांची व्याख्यानं ऐकायला दुसऱ्या कॉलेजांतले विद्यार्थीही येऊन बसत. पुढं १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये ते व्यापारी कायदा शिकवत होते. “वकिली चालू होती, चळवळ चालू होती, आणि तरी करार शिकवत होते,” मुलगा म्हणतो. “मग मला शून्य मिळालं तर मी रडायचं कशाला? पुन्हा लिहायचं.”

दुपार कलली आहे. आम्ही बसस्टँडवर आलो आहोत. शेळगाव, डिघोळ, उखळीकडची मुलं फलाटावरच्या बाकावर दाटीवाटीनं बसली आहेत. मुलींच्या हातात अर्ध्या तिकिटाचे सुट्टे पैसे, मुलांच्या खिशात पास. झाडाखाली कुणी न बोललेली तक्रार आता निघते.

“मॅडमचा एकच नियम चुकतो,” खेड्यावरून येणारा एक जण म्हणतो. “तास सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी दार बंद. आमची सकाळची गाडी रोजच उशिरा यायली. पाऊस झाला की रस्ता सुटत नाही. मी स्टँडवरून पळत येतो, तरी दार लागलेलं. हजेरी जाते ती जाते, ते कागदाचं शिकायचं राहतं.”

“गावातल्या पोरांना काय, चालत येतात,” शेजारी बसलेली त्याची चुलत बहीण म्हणते.

माझं मत इथं पक्कं होतं. मॅडमची कडक शिस्त या मुलांना हवीच आहे. अठरा पूर्ण झालेल्या पोराची सही उद्या ट्रॅक्टरच्या कर्जावर, जामिनावर, उचलीच्या कागदावर पडणार आहे. त्याला आधी वाचायला, मग विचारायला आणि गरज पडली तर नाही म्हणायला शिकवणारा दुसरा माणूस बहुतेकांच्या घरात नाही. नोट्स लिहून देणारा शिक्षक पेपर सोडवून देतो. उभं करून बोलायला लावणारा शिक्षक मुकादमासमोर, सावकारासमोर, बँकेच्या काउंटरवर तोंड उघडायचं बळ देतो. म्हणूनच या वर्गाचं दार लांबून येणाऱ्यांना बंद होता कामा नये. उचलीच्या कागदाशी ज्यांचा रोजचा संबंध आहे, तीच मुलं सर्वांत लांबून येतात. प्रश्न कितीही अवघड असू देत, तो त्या मुलांपर्यंत पोचला पाहिजे.

मुलांनी हा विचार माझ्याआधीच केलेला आहे. निळ्या वहीतला मधला कागद फाडला जातो. अर्ज लिहायचा: बिझनेस लॉचा तास पहिला न ठेवता दुसरा ठेवावा, म्हणजे बाहेरगावच्या मुलांना तो मिळेल. उचलीचा कागद आणलेली मुलगी लिहिते आहे, बाकीचे वाकून सांगत आहेत. “आदरणीय मॅडम” झालं, विनंती झाली. शेवटी कुणीतरी म्हणतं, आपणही काहीतरी द्यायला पाहिजे, नुसतं मागून कसं चालेल? मग ती लिहिते: “आम्ही सर्व विद्यार्थी दररोज वेळेवर हजर राहण्याची हमी देतो.”

पेन हातोहात फिरतं. सह्या होऊ लागतात. रोज पळत येणारा तो मुलगा पेन घेतो, कागद वरपासून खालपर्यंत वाचतो आणि पेन परत देतो.

“मी नाही करत सही.”

“अरे, तुझ्यासाठीच लिहायलोत ना?”

“हमी देतो लिहिलंय. गाडी माझ्या हातात नाही. जे माझ्या हातात नाही त्याची हमी कशी देऊ?”

चष्मेवाला मुलगा, ज्याला मार्कांपुरतं शिकायचं होतं, तोच पुढं सरकतो. “अट टाक. गाडी वेळेवर आली तर हजर राहू. घटनेवर अवलंबून असलेला करार, कलम एकतीस.”

“आणि नाही आली तर?” लिहिणारी मुलगी विचारते.

“तर त्या दिवशी राहिलेलं दुसऱ्या दिवशी उभं राहून सांगू. पुस्तक मिटून.”

ती जुनं वाक्य खोडते. आधी झालेल्या सह्या जुन्या मजकुरावरच्या आहेत म्हणून त्याही खोडते, आणि नव्या कागदावर पहिल्यापासून लिहायला घेते. शेळगावची गाडी लागते. कंडक्टर हाक देतो. कोणीही उठत नाही, कारण नवा मजकूर अजून सगळ्यांचा वाचून झालेला नाही.